हवेली साठ जणांची, रुग्ण हजार: हेअरफील्ड पार्कचे प्रकरण

हे प्रकरण कशाबद्दल

'धर्माची गाय, दात का नाय' ही म्हण फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढणाऱ्याला टोमणा मारायला आहे. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र दात मोजलेच पाहिजेत, असे माझे मत आहे. कुणी घर देऊ केले की बैठकीत आधी शाल-श्रीफळ होते, आभाराचा ठराव होतो, आणि मग कुणाला तरी आठवते की जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर आडवे वळत नाही.

लंडनच्या वायव्य टोकाला कोल्न नदीच्या खोऱ्यात हेअरफील्ड नावाचे गाव आहे. तिथली एक जुनी हवेली १९१४ साली युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी देऊ केली गेली. पुढे त्याच पत्त्यावर आधी लष्करी रुग्णालय झाले, मग क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम आणि अखेर हृदय प्रत्यारोपणासाठी जगभर ओळखले जाणारे इस्पितळ. ही गोष्ट सहसा एका घराच्या भाग्याची म्हणून सांगितली जाते. कागद नीट पाहिले तर वेगळेच दिसते. देऊ केले होते घर, पण दर वेळी कामी आली ती घराभोवतीची जमीन. हा फरक ज्यांच्या लक्षात आला त्यांचे निर्णय टिकले. रुग्ण, गावकरी यांची नावे इथे घेतलेली नाहीत. सार्वजनिक नोंदीत असलेली मोजकीच नावे आहेत.

पार्श्वभूमी

हेअरफील्ड पार्क ही अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, कुक घराण्याने बांधलेली विटांची तीन मजली इमारत. इंग्लंडमधल्या श्रीमंत हवेल्यांच्या मानाने दिसायला साधीच. भोवती गोठे-तबेले, काही जोडइमारती आणि सुमारे २५० एकर जमीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती चार्ल्स बिलयार्ड-लीक यांच्याकडे आली. हे पतीपत्नी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले.

ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये बिलयार्ड-लीक दांपत्याने मेलबर्नला संरक्षणमंत्र्यांकडे प्रस्ताव पाठवला: आमचे घर आणि आवार ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या विश्रामासाठी वापरा. तेव्हा ऑस्ट्रेलियाची संघराज्य संसद आणि मंत्रालये मेलबर्नलाच होती आणि संरक्षण खाते जॉर्ज पीअर्स यांच्याकडे होते. डिसेंबरात होकार आला. नाव ठरले 'क्रमांक १ ऑस्ट्रेलियन सहायक रुग्णालय'. त्या घडीला एकही ऑस्ट्रेलियन सैनिक युरोपच्या आघाडीवर जखमी झालेला नव्हता. ऑस्ट्रेलियन फौज तर इजिप्तच्या वाळूत कवायत करत होती.

ठरलेला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: हिवाळ्यात ६० रुग्ण, वसंत आणि उन्हाळ्यात १५०. घर तेच, मग दोन आकडे का? हिवाळ्यात जेवढे छपराखाली मावतील तेवढेच. उन्हाळ्यात खाटा बाहेर काढता येतात, हिरवळीवर तंबू ठोकता येतात. म्हणजे पहिल्याच अंदाजात निम्म्याहून अधिक खाटा घराबाहेर धरलेल्या होत्या. ही गोष्ट त्या वेळी कुणी ठळकपणे बोलून दाखवली असेल असे वाटत नाही, पण आकड्यांतून ती बोलते.

काम कोणते, तेही ठरलेले होते. मोठ्या रुग्णालयात उपचार झालेले सैनिक इथे येऊन विश्रांती घेतील. अधिकाऱ्यांना आणि परिचारिकांना थोडा विसावा मिळेल. लढण्यालायक न राहिलेल्यांना बोटीने मायदेशी धाडण्याआधी इथे गोळा करता येईल. शस्त्रक्रिया आणि गंभीर रुग्ण हे या कल्पनेत नव्हते.

अडचण

२५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. ती मोहीम फसली आणि जखमींचा लोंढा सुरू झाला. जखमींना आधी लेम्नॉस बेटावर, इजिप्तमध्ये, माल्टामध्ये नेले जाई. तिथली इस्पितळे तुडुंब भरली तशा इंग्लंडकडे बोटी निघाल्या.

हेअरफील्डला मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, एथेल ग्रे त्या वर्षाच्या सुरुवातीलाच आल्या होत्या. एका नांदत्या घराचे इस्पितळ करणे म्हणजे काय, हे मेट्रनच्या नजरेने पाहिले की कळते. दिवाणखान्यात खाटा लावता येतात, पण प्रत्येक खोलीला वेगळी नर्स लागते, कारण एका खोलीतून दुसरी दिसत नाही. तीन मजले म्हणजे गरम पाणी, बेडपॅन, जेवणाचे ताट, सगळे जिन्यावरून. मळकट पट्ट्यांसाठी वेगळी मोरी हवी. ती शयनगृहाच्या शेजारी कुणी बांधत नाही.

जूनच्या सुरुवातीला पहिले रुग्ण आले: आठ जण. हां हां म्हणता दोन आठवड्यांत पावणेदोनशे झाले आणि महिना संपायच्या आत साडेतीनशेच्या वर गेले. घरात साठ, तंबूंसह दीडशे, हा हिशेब तीन आठवडेसुद्धा टिकला नाही. शिवाय येणारे सगळेच 'विश्रांतीचे' रुग्ण नव्हते. कुणाच्या जखमा चिघळलेल्या, कुणाला हगवण, कुणाला विषमज्वर. ज्या कामासाठी घर घेतले होते त्याहून भलतेच काम दारात येऊन उभे राहिले.

समोर असलेले पर्याय

पुढची मांडणी माझी आहे, तेव्हाच्या फाइलीत ती अशी आखून ठेवलेली नाही. पण १९१५च्या उन्हाळ्यात खरोखर तीनच वाटा होत्या.

पहिली वाट होती ठरल्या कामाशी प्रामाणिक राहण्याची: दीडशे रुग्ण घ्यायचे, दार लावायचे, बाकीचे ब्रिटिश लष्करी इस्पितळांवर सोपवायचे. कागदावर हे सरळ दिसते. अडचण अशी की आपले सैनिक इंग्रजी इस्पितळांमध्ये विखुरले की कोण कुठे आहे, कोण बरा झाला, कुणाला परत धाडायचे याचा पत्ताच लागत नाही. मायदेश दीड-दोन महिन्यांच्या बोटीच्या प्रवासावर. घरून भेटायला येणारे कुणी नाही. आपले लोक आपल्या नजरेसमोर हवेत, ही गरज भावनेची होती तशी हजेरीपटाचीही होती.

दुसरी वाट नवी, मोठी जागा शोधण्याची. युद्धाच्या त्या धामधुमीत शाळा, अनाथालये, मनोरुग्णालये सगळ्यांवर ब्रिटिश लष्कराचा आधीच डोळा होता. ऑस्ट्रेलियाने रांगेत उभे राहून जागा मागायची म्हणजे महिने गेले असते.

तिसरी वाट: घर राहू द्यायचे मध्यभागी आणि हिरवळीवर लाकडी बराकी उठवायच्या. खर्च आपला, जमीन दुसऱ्याची. युद्ध संपल्यावर या बराकींचे काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला महत्त्वाचा वाटण्याचे कारण नव्हते.

काय केले

तिसरी वाट धरली. विश्रामगृह म्हणून घेतलेली जागा बघता बघता पूर्ण सर्वसाधारण रुग्णालय झाली. घराच्या आजूबाजूला लांबट, एकमजली वॉर्ड उभे राहिले आणि त्यांना जोडणाऱ्या छपराच्या वाटा झाल्या. अशा बराकीत दोन्ही भिंतींना खिडक्या, मधून चालायची वाट, आणि टोकाच्या टेबलाशी बसलेल्या सिस्टरला सगळ्या खाटा एका नजरेत दिसतात. जमिनीलगत असल्याने चाकाची खुर्ची थेट बाहेर उन्हात जाते. हवेलीतल्या कुठल्याही खोलीला हे जमले नसते. ऑगस्ट १९१५मध्ये राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी भेटीला आले तेव्हा रुग्णालय उघडून तीन महिनेही झाले नव्हते.

जुलै १९१६मध्ये फ्रान्समध्ये फ्रोमेलला एका रात्रीत साडेपाच हजारांवर ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पाठोपाठ पोझिएरच्या लढाईत सहा-सात आठवड्यांत सुमारे २३ हजार. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हेअरफील्डला साडेनऊशेच्या वर रुग्ण होते आणि परिचारिका ७४. पुढे आकडा हजारावर गेला. साठांवरून हजार!

याच काळात एक निर्णय फार शहाणपणाने घेतला गेला, ज्याबद्दल कमी बोलले जाते. सगळेच एका आवारात कोंबत बसले नाहीत. हातपाय गमावलेल्यांसाठी जवळच साउथहॉलला दुसरे सहायक रुग्णालय निघाले आणि युद्धाच्या धक्क्याने मन ढासळलेल्यांसाठी डार्टफर्डला तिसरे. कृत्रिम पाय बसवायला कारागीर, कार्यशाळा, चालण्याचा सराव लागतो. मनाच्या रुग्णाला शांतता लागते. हेअरफील्डला कामाची विभागणी झाली नसती तर जमीन अडीचशे एकर असूनही कारभार कोलमडला असता. जागा आहे म्हणून सगळे इथेच, हा मोह इथे टाळला गेला.

गावाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. एवढ्याशा खेड्यात एकाएकी हजार परके तरुण आले. डेनम स्टेशनवर जखमींची गाडी यायची आणि तिथून मोटारींची रांग गावातून चढ चढून वर जायची. काही जण वाचले नाहीत. सेंट मेरी चर्चच्या आवारात शंभराहून अधिक ऑस्ट्रेलियनांची थडगी आहेत, त्यांत न्यूमोनियाने गेलेली एक परिचारिकाही आहे. पहिल्या अंत्ययात्रेच्या वेळी शवपेटीवर घालायला झेंडाच नव्हता. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी शाळेचा युनियन जॅक उसना दिला आणि मग प्रत्येक पेटीवर तोच पडत गेला. धुवायचा, घडी घालायची, पुढच्या वेळी परत काढायचा. युद्ध संपल्यावर तो ॲडलेडच्या एका शाळेकडे पाठवण्यात आला. १९२१पासून दर २५ एप्रिलच्या सुमारास गावातली मुले त्या थडग्यांवर फुले ठेवतात.

घरच्या मुलाचेही एक वळण आहे. बिलयार्ड-लीक यांचा मुलगा नौदलात होता. एप्रिल १९१८मध्ये बेल्जियममधल्या झीब्रुखवर झालेल्या हल्ल्यात बंदराचे तोंड बुजवण्यासाठी बुडवायच्या जहाजांपैकी 'इफिजिनाया'ची कमान ऐन वेळी त्याच्याकडे आली, कारण नेमलेल्या अधिकाऱ्याला अपेंडिक्सचा त्रास उपटला. मुलगा जिवंत परतला. आईवडिलांच्या घराचे त्या घडीला इस्पितळ झालेले होते.

युद्ध संपले, बराकी उरल्या

जानेवारी १९१९मध्ये रुग्णालय आवरले गेले. आता इथे एक मोठी हवेली होती आणि तिच्याभोवती रिकाम्या वॉर्डांचे गावच. पुन्हा घर म्हणून राहायला ते आवार कुणाला मानवले नसते.

मिडलसेक्स परगण्याच्या कौन्सिलने ते विकत घेतले. त्यांचे घोडे वेगळ्याच ठिकाणी अडले होते. क्षयरोगाचे रुग्ण वाढलेले, त्यात १९२१च्या क्षयरोग कायद्याने उपचारांची सोय करणे परगणा कौन्सिलांना बंधनकारक झाले. तेव्हा औषध नव्हते. होती ती मोकळी हवा, ऊन, सकस आहार, सक्तीची विश्रांती आणि घरच्यांपासून दूर ठेवणे. याच कल्पनेवर आपल्याकडे पाचगणीला डॉ. रुस्तम बिलिमोरियांनी बेल-एअर काढले आणि मिरजेजवळ वानलेसवाडी उभी राहिली. हेअरफील्डला हवा होती, शहरापासून अंतर होते, आणि दोन्ही बाजूंना खिडक्या असलेल्या बराकी आयत्या उभ्या होत्या. १९२१मध्ये सॅनेटोरियम सुरू झाले.

इथे एक चूक दिसते, आणि ती आपल्या ओळखीची आहे. युद्ध असेपर्यंत टिकावेत म्हणून ठोकलेल्या लाकडी बराकी आणखी पंधराएक वर्षे चालवल्या गेल्या. आपल्याकडे पत्र्याची 'तात्पुरती' शेड जशी दोन पिढ्या बघते, तसेच. छातीच्या रुग्णांना हवा हवी, पण फटीतून येणारा झोत नको, हा फरक लाकूड जुने झाले की उरत नाही. कायमची इमारत अखेर १९३७मध्ये उघडली. परगण्याचे वास्तुविशारद डब्ल्यू. टी. कर्टिस यांनी ती उन्हाकडे तोंड करून पसरवली, पुढे लांब गच्च्या ठेवल्या म्हणजे खाट सरकवली की रुग्ण उघड्यावर. जुन्या हवेलीत काही कोंबायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, तिच्याशी नवी इमारत जुळवत बसले नाहीत. रुग्णालय म्हणून हेअरफील्डचा खरा जन्म १९१४चा नसून १९३७चा आहे, असे मला वाटते.

बंद पाकिटे

मला या साऱ्या प्रकरणात सर्वात रंजक वाटतो तो १९४७-४८चा काळ.

अमेरिकेत क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले होते. ब्रिटनकडे डॉलर नव्हते, म्हणून औषध अगदी थोडे मिळाले. सगळ्यांना पुरणार नाही हे उघड होते. तेव्हा वैद्यकीय संशोधन परिषदेने ठरवले की देणारच आहोत तर असे देऊ की त्यातून काही कळेल. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी पद्धत आखली. काही निवडक रुग्णालयांत हा प्रयोग झाला आणि त्यांत हेअरफील्ड होते.

पद्धत अशी. दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणारा, अलीकडेच सुरू झालेला क्षय असलेले तरुण रुग्ण निवडायचे. रुग्ण पात्र ठरला की त्याच्या क्रमांकाचे बंद पाकीट उघडायचे. आतल्या चिठ्ठीवर औषध आणि विश्रांती असेल किंवा नुसती विश्रांती. चिठ्ठीत काय आहे ते पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही माहीत नाही, त्यामुळे 'हा बरा होईलसा वाटतो, याला औषध देऊ' असे करायला वावच नाही. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञांनाही कोण कुठल्या गटातला हे कळू दिले नाही.

१०७ रुग्ण होते. औषध मिळालेल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या ५२ पैकी १४. निष्कर्ष १९४८च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि चिठ्ठी काढून गट पाडण्याची पद्धत जगभर पुढे मापदंड झाली. आज खटकणारी गोष्टही सांगितली पाहिजे: आपण तुलनेच्या गटात आहोत हे विश्रांतीवाल्या रुग्णांना सांगितलेच नव्हते. आजच्या नीतिसमितीने ही फाइल पहिल्याच टेबलावरून परत केली असती. औषध तुटपुंजे होते, हे तेव्हाचे समर्थन आणि ते पोकळ नाही. पण सांगणे आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गंमत पाहा. ज्या सॅनेटोरियमने औषध काम करते हे सिद्ध करायला हात लावला, त्याच औषधाने सॅनेटोरियमची गरज संपवली. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे होत. मग 'पास' (PAS) आणि आयसोनियाझिड ही औषधे जोडीला आली. अखेरचा धक्का तर भारतातून बसला. मद्रासच्या केंद्रात १९३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९५९मध्ये प्रसिद्ध झाला. घरी, झोपडपट्टीत, साध्या जेवणावर राहून औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होत होते. गच्च्या, ऊन, दुधाचे पेले, सक्तीची विश्रांती, या सगळ्याचे प्रयोजनच गेले. पाचगणीपासून स्वित्झर्लंडपर्यंत आरोग्यधामे एकापाठोपाठ एक हॉटेले, शाळा नाही तर ओसाड झाली.

फुप्फुसातून हृदयाकडे

हेअरफील्डची तशी गत झाली नाही, याचे श्रेय इमारतीला नाही. औषध येण्याआधी क्षयावर शस्त्रक्रिया होत: फासळ्या काढून आजारी फुप्फुस दाबणे, कुजका भाग कापणे. त्यासाठी छाती उघडी असताना रुग्णाचा श्वास चालू ठेवणारे भूलतज्ज्ञ, छातीचे सर्जन, नंतर रात्रभर उशाशी बसणाऱ्या तरबेज नर्सेस अशी माणसे इथे तयार झाली होती. क्षय गेला तरी हे कसब राहिले. छाती उघडता येणाऱ्याला हृदय हातभरच अंतरावर असते.

१९६९मध्ये इजिप्तमध्ये जन्मलेले सर्जन मॅग्दी याकूब इथे सल्लागार म्हणून आले. ब्रिटनमध्ये पहिले हृदय प्रत्यारोपण १९६८ साली लंडनमध्ये झाले होते, पण रुग्ण वाचेनात म्हणून ते थांबवले गेले. १९७९मध्ये केंब्रिजजवळच्या पॅपवर्थला आणि १९८०मध्ये हेअरफील्डला ते पुन्हा सुरू झाले. १९८३मध्ये ब्रिटनमधले पहिले हृदय-फुप्फुस एकत्रित प्रत्यारोपण इथेच झाले. पॅपवर्थही मुळात क्षयरोग्यांची वसाहत होती. हा योगायोग नाही, दोन्हीकडे छातीचे सर्जन होते. १९८२ साली हेअरफील्डला हृदय बदललेल्या एका रुग्णाला पाच वर्षे मिळतील असे सांगितले होते. तो ३३ वर्षे जगला.

पॅडिंग्टनचा बेत

२०००च्या सुमारास नियोजकांनी प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता: हृदयाचे एवढे मोठे इस्पितळ खेड्यात एकटे का? रुग्णाच्या हृदयासोबत मूत्रपिंड बिघडले, मेंदूत गुठळी गेली, तर बाकीचे विशेषज्ञ कुठून आणायचे? म्हणून बेत असा, की हेअरफील्ड आणि चेल्सीतले रॉयल ब्रॉम्प्टन हे हृदय-फुप्फुसांचे इस्पितळ बंद करून दोन्ही लंडनच्या पॅडिंग्टन भागात सेंट मेरीज इस्पितळाच्या जोडीला न्यायची, इंपीरियल कॉलेजचे संशोधनही तिथेच.

खर्च सुरुवातीला ३० कोटी पौंडांच्या आसपास धरला होता. २००५पर्यंत तो ८९ कोटींच्या घरात गेला. पूर्ण होण्याचे साल २००६ होते, ते २०१३वर गेले. घोडे कुठे अडले? जमिनीवर. पॅडिंग्टनला लागेल तेवढी जागाच हाती नव्हती. नकाशे आधी झाले आणि जमीन मिळेल असे धरून चालले. गावकऱ्यांनी आणि जुन्या रुग्णांनी वर्षानुवर्षे विरोध चालवला होता. जून २००५मध्ये योजना गुंडाळली गेली, तोवर आखणीवरच कोट्यवधी पौंड खर्ची पडले होते. लेखापरीक्षकांनी पुढच्या वर्षी यावर अख्खा अहवाल लिहिला.

माझ्या मते विरोधकांनी योजना पाडली असे म्हणणे पूर्ण खरे नाही. ती आधी जमिनीच्या मोजणीत पडली. आणि नियोजकांचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. फेब्रुवारी २०२१मध्ये ब्रॉम्प्टन आणि हेअरफील्ड लंडनच्या गाईज अँड सेंट थॉमस या रुग्णालयांच्या संस्थेत विलीन झाली, ते त्याच प्रश्नाचे उशिराचे, इमारत न हलवता दिलेले उत्तर आहे.

काय वेगळे करता आले असते

१९१४चा होकार चुकीचा नव्हता, पण तो घर पाहून दिला गेला. त्याच वेळी दुसरा कागद हवा होता: रुग्ण दुपटीने वाढले तर वॉर्ड कुठल्या बाजूला, सांडपाणी कुठल्या उताराला, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून. ग्रे बाईंना हे सगळे रुग्ण दारात असताना ठरवावे लागले. तहान लागल्यावर विहीर त्यांनी खणली आणि पाणीही लागले, म्हणून आपण कौतुक करतो.

वेगळे करता आले असते अशी दुसरी वेळ १९२१ची. कौन्सिलने आवार घेतले ते योग्यच. पण बराकींना मुदत लिहायला हवी होती: पाच वर्षे, त्यानंतर पाडायच्या. मुदत नसली की दुरुस्तीच्या छोट्या रकमा मंजूर होत राहतात आणि नवी इमारत पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलली जाते.

१९५०-६०च्या दशकाबद्दल माझे मत बदललेले आहे. पूर्वी मी म्हणत असे की हेअरफील्ड नशिबाने तगले. आता वाटते, कुणीतरी खाटांची यादी बाजूला ठेवून माणसांची यादी केली असावी: आपल्याकडे कोण आहे आणि त्यांना आणखी काय येते. आपल्याकडच्या कित्येक आरोग्यधामांकडे गच्च्या होत्या, दऱ्या होत्या, देवदार होते. छातीचे सर्जन मोजकेच होते आणि ते शहरात निघून गेले.

हवेलीचे काय

हवेली अजून उभी आहे. वारसा वास्तू म्हणून ती कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पाडता येत नाही. वर्षानुवर्षे वापराविना राहून ती मोडकळीला आली आहे.

पर्याय मोजून पाहा. वॉर्ड करायचा तर लिफ्टची विहीर, रुंद दारे, ऑक्सिजनची नळी, आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा जिना हे सगळे हवे, आणि संरक्षित भिंतीला भोक पाडायला परवानगी लागते. कार्यालये करायची तर दुरुस्तीचा खर्च नव्या इमारतीहून जास्त येतो. सदनिका करून विकायच्या तर इस्पितळाच्या ऐन मध्यावर खासगी रस्ता द्यावा लागतो. आणि आरोग्यसेवेचा पैसा रुग्णांसाठी आहे. छपराच्या कौलांवर खर्च केलेला प्रत्येक पौंड कॅथलॅबमधून, म्हणजे हृदयाच्या तपासणी-उपचारांच्या खोलीतून, कापला जातो, हे व्यवस्थापनाचे म्हणणे खोडणे अवघड आहे.

१९३७ साली नवी इमारत बांधताना हवेलीचे काम ठरवून टाकले असते, निदान परिचारिकांचे शाळा-वसतिगृह म्हणून, तर छप्पर कोरडे राहिले असते. छप्पर गळू लागले की दहा वर्षांत तुळया जातात, आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकून पुढचा विश्वस्त फाइल खालच्या खणात सरकवतो. फाइल अजून तिथेच आहे.